बदामी बोके

पाडव्याला ओवाळून झाल्यावर तबकात काय पडणार, याची चौकशी आमच्या घरी दसऱ्याचं सोनं वाटून झालं की सुरू होते. यंदा खऱ्या सोन्याचा भाव पेपरात रोज वाचत असल्यामुळे मी सावध होतो.

"यंदा तुला असं काही देणार आहे, जे लक्ष्मी रोडच्या एकाही दुकानात मिळत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे फुकटातलं," ही म्हणाली आणि अनारशाच्या पिठाकडे वळली.

फुकटातलं कसं असेल? त्यासाठी दोन वर्षांपूर्वी चांगला दणदणीत कॅमेरा घेतला होता. घेतल्यापासून तो, पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागू नये म्हणून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांच्या सोबतीने राहत होता. त्या डब्यात पूर्वी ही शेवया ठेवायची. शेवयांचं पुनर्वसन कुठे करायचं, हा मुद्दा आमच्या संसारात अजून निकाली निघालेला नाही.

तर मी कुठेतरी एक फोटो पाहिला. परदेशातला, नाताळचा. रात्रीची वेळ, एक हसरी मुलगी, आणि तिच्या मागच्या झाडावरचा एकेक दिवा बदामाच्या आकाराचा! पत्त्यातला बदाम. लाल, पिवळे, हिरवे, नुसते तरंगणारे बदाम. म्हटलं, त्यांच्याकडे नाताळ आहे तर आपल्याकडे दिवाळी आहे. त्यांच्याकडे झाड आहे तर आपल्याकडे समोरची बी विंग आहे. आणि हसऱ्या मुलीच्या जागी ही आहे. (हसण्याचं पुढे बघू.)

या मागच्या पुसट दिव्यांना छायाचित्रकार मंडळी बोके म्हणतात. मी घरात जाहीर केलं, "यंदा मी बोके काढणार."

"कुठून? गच्चीवरून?" आईने विचारलं. "अरे, तो पिवळा बी विंगचा आहे. दूध घालतात ते त्याला. भांडणं होतील."

शब्द जपानी आहे. अर्थ पुसट, धूसर. 1997 मध्ये 'फोटो टेक्निक्स' या अमेरिकी मासिकाचे संपादक माइक जॉन्स्टन यांनी त्यावर लेख छापले, तेव्हा इंग्रजी वाचक त्याला 'बोक' म्हणून मोकळे होतील या धास्तीने त्यांनी स्पेलिंगच्या शेपटीला एक एच जोडला. मराठी माणसाला त्या एचची काडीचीही गरज नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या हा शब्द जपान्यांसारखा स्वच्छ उच्चारत आलो आहोत. हे मी अभिमानाने सांगत होतो, तेवढ्यात मुलीने फोनवरून पुरवणी वाचली: म्हातारपणी डोकं नीट चालेनासं होतं, त्यालाही जपानीत हाच शब्द आहे.

"दोन्ही अर्थ लागू पडतात," ही पिठावरून नजर न काढता म्हणाली.

मुलीने पुढे तो फोन आजीवर रोखला. दोन-तीनदा बोट फिरवलं आणि चार सेकंदांत आजीच्या भोवती पन्नास बदाम. "बाबा, हे फोनमध्येच असतं."

मी फोटो मोठा करून पाहिला. आईचा अर्धा अंबाडा फोनने मागचं दृश्य समजून पुसून टाकला होता. "हे खोटं आहे," मी गरजलो. "मला भिंगातून आलेले बदाम हवेत."

एकंदरीत आमच्या घराण्याला हा नाद जुनाच. बाबांकडे रोलचा कॅमेरा होता. छत्तीस फोटोंपैकी दहा-बारा हमखास पुसट यायचे आणि स्टुडिओवाला ते परत करताना आमच्याकडे सांत्वनाच्या नजरेने बघायचा. बाबा काळाच्या फार पुढे होते, हे तेव्हा कोणाला समजलं नाही. ते फुकटात पुसट काढायचे. मला त्यासाठी नवीन भिंग घ्यावं लागलं.

ते का घ्यावं लागलं, ते सांगतो. कृती अगदी सोपी. भिंगाच्या तोंडावर काळा कागद लावायचा आणि कागदाच्या मधोमध बदामाच्या आकाराचं भोक पाडायचं. माणूस कॅमेऱ्याच्या जवळ, दिवे पार लांब. फोकस माणसावर. लांबचा दिवा फोकसमध्ये नसल्यामुळे ठिपक्यासारखा न उमटता पसरतो, आणि पसरताना ज्या भोकातून आत आला त्याचाच आकार घेतो. हे मी मुलीला कागदावर किरण काढून समजावत होतो. तिला कळेना, मला सांगता येईना.

"सोऱ्यासारखं," आई म्हणाली. "चकलीची चकती घातली की चकली, शेवेची घातली की शेव. पीठ तेच."

मी वही मिटली.

पण माझ्या सोऱ्यात सगळी शेवच पडू लागली. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या भिंगावर कागद लावून मी गॅलरीतून शंभर फोटो काढले. दिवे गोलच्या गोल. एक-दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. त्या भिंगाचं पोटातलं भोक, कितीही ताणलं तरी, जेमतेम दहा मिलिमीटर उघडतं. माझा बदाम पंधरा मिलिमीटरचा. म्हणजे चकती सोऱ्याच्या तोंडापेक्षा मोठी! शहाणे लोक यासाठी पन्नास एमएमचं, एक पॉइंट आठवालं भिंग वापरतात. पन्नासला एक पॉइंट आठने भागलं की अठ्ठावीस मिलिमीटर, साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढं तोंड. त्यात पंधराचा बदाम ऐसपैस बसतो. भिंग आणलं. खोकं ऑफिसातच ठेवलं, बिल ऑफिसातच फाडलं. "फुकटातलं" या शब्दाला मी आतल्या आत दिलेलं हे उत्तर होतं; बाहेर देण्याची सोय नव्हती.

आता बदाम. लहानपणी सगळ्यांनीच कागदाची घडी घालून बदाम कापलाय. घडी घालायची, अर्धा बदाम कापायचा, उघडला की पूर्ण. मी काळ्या कार्डपेपरची घडी घातली, जीभ बाहेर काढून अर्धा बदाम कापला, उघडला. दोन करंज्या. घडीच्या बाजूने कापायचं की उघड्या बाजूने, हे पन्नाशी गाठेपर्यंत विसरायला होतं. दुसऱ्या वेळी बाजू बरोबर, पण नखं कापायच्या कात्रीने बदामाला कमरेचा बाक आला. मुलगी म्हणाली, शेंगदाणा चांगला जमलाय. तिसऱ्या वेळी मी करंजीची कातण चालवून पाहिली. त्या बदामाला कंगोरे आले आणि कातणीच्या दातांत काळा कागद अडकला. तो कागद कुठे सापडला आणि कोणाच्या दाताखाली सापडला, हे इथे सांगत नाही.

शेवटी अप्पा बळवंत चौक गाठला. तिथे मुलांच्या हस्तकलेसाठी पंच मिळतात. फुलाचा, चांदणीचा, बदामाचा.

"मुलगा कितवीत आहे?" दुकानदाराने पंच पुढ्यात ठेवत विचारलं.

"माझ्यासाठीच हवाय."

त्याने माझ्या टकलाकडे पाहिलं. "प्रोजेक्ट कसलं?"

"लग्नाचं. पंचविसावं वर्ष."

त्याने न मागता दहा टक्के कमी केले.

तसाच पुढे तपकीर गल्लीत शिरलो. दिवाळीच्या आधी त्या गल्लीत माणूस स्वतःहून चालत नाही, गर्दी त्याला चालवते. डोक्यावर माळा, खांद्यावर माळा. मी एका दुकानासमोर कसाबसा पाय रोवला. "न लुकलुकणारी माळ दाखवा."

"न लुकलुकणारी?" पोऱ्या हसला. "काका, मग ट्यूबलाइटच लावा की."

सामान जमलं, पण जागा कुठाय? आमचा हॉल दहा बाय बारा. हिला कॅमेऱ्यापासून चार फुटांवर उभी केली की मागे माळेसाठी सहा फूट उरतात. त्यात सोफा, टीव्ही आणि आई. एवढ्या अंतरावर दिवे धड ठिपकेही राहत नाहीत आणि धड बदामही होत नाहीत. ओघळलेल्या कुंकवासारखे दिसतात. धनत्रयोदशीला गॅलरीत प्रयत्न केला, तर चार फूट मागे जाण्यासाठी मलाच कठड्याबाहेर जावं लागलं असतं. हिने त्याला फारशी हरकत घेतली नाही. नरक चतुर्दशीला पहाटे काळोख असतो आणि माळा चालू असतात, हे माझ्या लक्षात आलं, पण अंगाला उटणं लावलेल्या बाईला फोटोला उभं राहायला सांगण्यासाठी जे धैर्य लागतं ते माझ्याकडे नव्हतं. राहिलं लक्ष्मीपूजन. आणि राहिलं पार्किंग.

आमच्या ए आणि बी विंगच्या मध्ये चाळीस फुटांचं उघडं पार्किंग आहे. आमच्या सेक्रेटरींचं त्याच्यावर पोटच्या पोरासारखं प्रेम आहे. ते निवृत्त आहेत, कायम पांढऱ्या झब्ब्यात असतात आणि त्यांना हसताना पाहिलेला माणूस सोसायटीत नाही. पार्किंगसंबंधी त्यांच्या नऊ सूचना भिंतीवर लावलेल्या आहेत. दहावी लावायला भिंतच उरलेली नाही.

रात्री साडेनऊला पूजा, प्रसाद आटोपून आम्ही सहकुटुंब खाली उतरलो. ही पैठणीत, नाकात नथ. मुलगी, दिवाळीच्या सुटीला आलेली भाची, खुर्ची घेऊन आई. मी गळ्यात कॅमेरा, भिंगावर काळा कागद, कागदाला रबरबँड. वॉचमन सलाम करायला उठला होता, तो माझ्याकडे बघून परत बसला.

समोर बी विंगच्या सगळ्या गॅलऱ्या लखलखत होत्या. फक्त लुकलुकत होत्या. पहिल्या फोटोत दिवे नव्हतेच. मी बटण दाबलं त्या क्षणी सगळ्यांनी एकदम डोळे मिटले होते. शिवाय न लुकलुकणारी स्वस्त माळही खरं तर लुकलुकतच असते. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्या ठेक्यावर ती सेकंदात पन्नासदा विझते, फक्त डोळ्याला कळत नाही. कॅमेऱ्याला कळतं. सेकंदाच्या सव्वाशेव्या भागात फोटो काढला की अर्धे बदाम हजर, अर्धे बिनपगारी रजेवर. म्हणून पन्नासाव्या भागाच्या खाली यायचं. मग माणूस हलून चालत नाही.

आधी माळा स्थिर करायला हव्या होत्या. मी पहिल्या मजल्यावरच्या काकूंना हाक मारली.

"काकू, तुमची माळ जरा स्थिर कराल का? फोटो काढतोय."

"अय्या, आमच्या माळेचा? थांबा, ह्यांना बोलावते."

"माळेचा नाही, हिचा. माळ फक्त मागे पुसट येणार."

"पुसट? अहो, अडीचशे रुपये दिलेत तिला!"

समजूत घातली. त्या माळेच्या डबीवर एकच बटण असतं आणि आठ प्रकार. पहिला प्रकार म्हणजे पुढच्या सगळ्यांची खिचडी, मग लाटा, मग पळापळी, मग हळूहळू मंदावणं असं करत करत सगळ्यात शेवटी, आठवा, स्थिर. काकू दाबत गेल्या, पार्किंगमधून आम्ही मोजत गेलो. सहा... सात... आठ! "बास!" मी ओरडलो. काकूंना ऐकू आलं "दाबा". पुन्हा एक. दुसऱ्या फेरीला दुसऱ्या मजल्यावरचे आजोबाही मोजायला आले आणि त्यांचा आकडा आमच्याहून एकने पुढे होता. तिसऱ्या फेरीला अख्खी बी विंग गॅलरीत येऊन "सात... आठ... बाआआस!" करत होती. माळ थांबली. टाळ्या पडल्या. मी वळून पाहिलं तर ही आईशेजारी खुर्चीच्या हातावर बसून चिवडा खात होती.

पुन्हा उभी केली. बदामाच्या भोकातून प्रकाश कमीच येतो, त्यामुळे चेहऱ्यावर उजेड हवा. मुलीने आकाशकंदील काढून आणला आणि हिच्या शेजारी उंच धरला. कंदील घरी केलेला, एक बाजू लाल, एक हिरवी.

"मामीचा सिग्नल झालाय," भाची म्हणाली.

कंदील गेला. मोबाइलची बॅटरी आली. भिंग फोकस शोधत पुढे-मागे घुर्र घुर्र करू लागलं. अंधारात त्याला चेहरा सापडेना. सापडली ती नथ. नथीचा मोती न्‌ मोती मोजून घ्यावा असा, आणि नथीमागची बाई बोके. ते सुधारलं तर हिने ऐन क्षणी गालावर डास मारला. तो फोटो पाहिला तर मी हिच्यावर हात उगारला आणि हिने अडवला असं कुणीही शपथेवर सांगेल.

एवढ्यात घुर्र घुर्र ऐकून जात-बिरादरीतलं कोणी आलं असावं असं वाटून बी विंगचा तो पिवळा एका स्कूटरच्या सीटवर येऊन बसला. भिंगाने त्याला पाहिलं मात्र, चटकन फोकस! रात्रीचा पहिला धड फोटो खऱ्या बोक्याचा आला. मिशी न्‌ मिशी स्पष्ट. आणि त्याच्या मागे, बघतो तर, आकार! गोल नव्हे, आकार!

"जमलं!" मी ओरडलो. सगळे कॅमेऱ्याभोवती जमले.

"मोदक?" ही म्हणाली.

रबरबँड सैल होऊन कागद फिरला होता. बदाम उलटा झाला की टोक वर, पोट खाली. रंगीबेरंगी एकविसाहून जास्त मोदकांच्या प्रभावळीत पिवळा बोका प्रसन्न बसला होता. आईने हात जोडले. "असू दे. गणपतीत तू ऑफिसच्या कामाला बाहेरगावी होतास ना."

भाचीला तेवढ्यात तिच्या नावाचं अक्षर हवं झालं. इंग्रजी एस. मुलांचं मन मोडू नये म्हणून मी दुसऱ्या कागदात एस कापला, समोरून भाचीला नीट वाचता येतोय ना ते पाहिलं आणि लावला. इथेच चुकलं. मागच्या दिव्यांत अक्षर सरळ उमटायला ते कॅमेऱ्याच्या मागून, म्हणजे माझ्या बाजूने सरळ दिसायला हवं. भाचीच्या मागे बी विंगभर दोनच दोन उमटले. दोन, दोन, दोन, दोन.

तिने बराच वेळ पाहिलं. "मामा, हे माझे गणिताचे मार्क आहेत का?"

दहा वाजून गेले होते. ही एकदा शेवटची उभी राहिली, बदाम सुलटा केला, मुलीने रबरबँडला दोन वेढे दिले, आणि एक फोटो बरा आला. बरा म्हणजे ही कंटाळलेली, डोळे अर्धे मिटलेले, चेहरा मोबाइलच्या उजेडात पांढराफटक. पण मागे बदाम, खरे, भिंगातून आलेले. "चला, आई," असं म्हणून ही आईचा हात धरून लिफ्टकडे गेली. मी कॅमेरा डोळ्याला लावून तसाच उभा होतो. आणि ही जिथे उभी होती नेमक्या त्याच फरशीवर सेक्रेटरी येऊन उभे राहिले.

त्यांच्या एका हातात बॅटरी होती, दुसऱ्या हातात पांढरा कागद. "सूचना क्रमांक चार," त्यांनी बॅटरी कागदावर धरली आणि वाचायला सुरुवात केली. "पार्किंगमध्ये वाहनांव्यतिरिक्त कोणतीही वस्तू, अथवा व्यक्ती..."

बॅटरीचा प्रकाश पांढऱ्या कागदावर पडत होता आणि तिथून परतून त्यांच्या चेहऱ्यावर, झब्ब्यावर अलगद पसरत होता. असा मऊ उजेड पाडण्यासाठी स्टुडिओवाले छत्र्या लावतात. भिंगाने एकदाच हलकं घुर्र केलं. माझं बोट माझं राहिलं नाही.

"फोटो काढलात?"

"चुकून."

"दाखवा."

दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "मला पाठवून द्या," म्हणाले आणि गेले. सूचना क्रमांक चार अर्धीच राहिली.

पाडव्याच्या सकाळी हिचा तो बरा फोटो मोठा छापून फ्रेम करायला दिला. दुकान कुठलं ते सांगत नाही, माणूस फार सज्जन होता. संध्याकाळी तो फ्रेम कागदात गुंडाळून देताना म्हणाला, "साहेब, मागे सगळीकडे कसले तरी डाग आले होते. लेन्स खराब झालीय का बघा. मी सगळे साफ करून दिलेत, त्याचे वेगळे पैसे नाही घेतले. दिवाळी आहे."

ओवाळून झालं. तबकात फ्रेम ठेवली. हिने कागद उलगडला. निळ्या, निरभ्र, एकही डाग नसलेल्या पडद्यासमोर, पैठणी नेसून, अर्धे डोळे मिटून ही उभी होती.

"पासपोर्टला चालेल," ही म्हणाली. "फक्त नथ काढायला सांगतील."

या गोष्टीला महिना होत आला. कॅमेरा परत डब्यात गेलाय, शेवया अजून पिशवीत आहेत. सेक्रेटरींनी तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपला डीपी म्हणून लावलाय. सोसायटीच्या ग्रुपवर आता मेंटेनन्सची तंबी येते ती चाळीस-पन्नास बदामांच्या मधून. परवा पुन्हा आली. थकबाकीदारांची यादी, शेवटची तारीख, दंडाचा इशारा, आणि शेजारच्या छोट्या गोलात सेक्रेटरींचा मऊ उजेडात न्हालेला चेहरा. खाली बी विंगच्या काकूंनी लिहिलं होतं, मागे आमची माळ आहे.

हिने यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली आणि फोन माझ्यापुढे धरला.

"यात तुमचं नाव कसं नाही?"

"मी भरलाय मेंटेनन्स."

"मेंटेनन्सचं कोण बोलतंय?" ही म्हणाली.